विश्लेषण : जुनी गाडी संस्थेला दान करायची आहे? चावीआधी आरसीचे बघा!

घरात नवी गाडी आली, की जुनीचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. विकायला काढावी तर भाव मनासारखा येत नाही, ठेवावी तर विमा आणि बॅटरीचा खर्च सुटत नाही. मग घरातलेच कुणीतरी सुचवते, 'एखाद्या संस्थेला देऊन टाका, सत्कारणी तरी लागेल.' विचार चांगला आहे. मात्र शंभर रुपयांची पावती फाडावी तितके हे काम सोपे नाही. गाडी दिली, हार घातला, फोटो काढला आणि आरसी बुकावर नाव तसेच राहिले, तर दात्याच्या दारात काही वर्षांनी न्यायाधिकरणाची नोटीस येऊ शकते. गाडी दान करण्याची रीत नेमकी काय, कर सवलत मिळते का आणि कोणत्या वेळी गाडीऐवजी पैसे देणे शहाणपणाचे, याचा हा आढावा.

खुटबावमध्ये हा प्रश्न का?

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगावच्या मध्ये खुटबाव स्थानक लागते. पुणे-सोलापूर महामार्गही जवळच. कालव्याच्या पाण्यावर ऊस, त्यावर गुऱ्हाळे आणि जोडीला पुण्यातली नोकरी, असे या पट्ट्यातल्या अनेक घरांचे अर्थकारण आहे. त्यामुळे शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली दहा-बारा वर्षांची मोटार हे इथले नेहमीचे दृश्य.

दानाची परंपराही या भागाला नवी नाही. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन शेजारच्या केडगावातलेच. दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रिया आणि मुलींना तिथे आधार मिळाला आणि ते काम देश-परदेशातून आलेल्या देणग्यांवर उभे राहिले. आजही पट्ट्यातली घरे धान्य, कपडे, वह्या-पुस्तके देत असतात. धान्याचे पोते दिले, की दात्याचा त्याच्याशी संबंध संपतो. गाडीचा मात्र कागद बदलल्याशिवाय संपत नाही. खरा फरक इथे आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, खुटबावमधील एका निवृत्त शिक्षकांकडे तेरा वर्षांची छोटी पेट्रोल मोटार आहे. मुलाने नवी गाडी घेतली. गुरुजींना जुनी गाडी तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमाला द्यायची आहे. आजोबा-आजींना दवाखान्यात नेण्यासाठी उपयोगी पडेल, हा त्यांचा हेतू. त्यांनी काय करावे?

चावी दिली म्हणजे दान झाले का?

याला कायद्याची दोन उत्तरे आहेत आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्यानुसार जंगम वस्तूचे दान नोंदणीकृत दस्ताने करता येते, तसेच नुसता ताबा देऊनही करता येते. अट एवढीच, की घेणाऱ्याने ते दात्याच्या हयातीत स्वीकारले पाहिजे. म्हणजे गुरुजींनी चावी दिली आणि आश्रमाने गाडी स्वीकारली, की या कायद्याच्या दृष्टीने दान पुरे झाले.

मोटार वाहन कायदा १९८८ मात्र वेगळे सांगतो. ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे, तो मालक, अशी त्याच्या कलम २ (३०) मधील व्याख्या आहे. ताबा कुणाकडे, पेट्रोल कोण भरतो, चालवतो कोण, हे त्यात दुय्यम ठरते.

याचा परिणाम काय होतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालातून दिसते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणातील मोटार मूळ मालकाने २००७ मध्ये विकली होती. त्यानंतर ती एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे गेली. आरसीवरील नाव मात्र कुणीच बदलले नाही. २००९ मध्ये त्या मोटारीने अपघात झाला. भरपाई कुणी द्यायची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. न्यायालयाने नोंदीत ज्याचे नाव आहे त्या मूळ मालकालाच जबाबदार धरले. अपघातग्रस्ताने गाडी कुणाकुणाच्या हातातून गेली हे शोधत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, हा त्यामागचा विचार.

तो व्यवहार विक्रीचा होता. पण व्याख्या दानालाही तीच लागू पडते. गुरुजींनी एक रुपयाही घेतलेला नसला, तरी आरसीवर त्यांचे नाव असेल तर मालक तेच. त्यात विमा संपलेला असेल, तर भरपाईचा बोजा थेट त्यांच्यावर येऊ शकतो. मृत्यूच्या प्रकरणातील भरपाई कमावत्या माणसाच्या उत्पन्नावर मोजली जाते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घराला ती पेलवणारी नसते.

नाव बदलण्याची रीत कोणती?

दौंड तालुका बारामतीच्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीत येतो, म्हणून इथल्या गाड्यांवर 'एमएच-४२' दिसते. पुण्यात घेतलेल्या गाड्या 'एमएच-१२' किंवा 'एमएच-१४' असतात. गाडीची नोंद एका कार्यालयाकडे आणि संस्थेचा पत्ता दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत असेल, तर अर्ज कुठे करायचा हे आधी विचारून घ्यावे. गाडी परराज्यातली असेल, तर नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र लागते.

दान असो की विक्री, अर्ज एकच. नमुना २९ म्हणजे हस्तांतराची सूचना आणि नमुना ३० म्हणजे हस्तांतराचा अहवाल व अर्ज. 'परिवहन' संकेतस्थळावरून ही प्रक्रिया सुरू करता येते. राज्यातल्या राज्यात हस्तांतर असेल तर देणाऱ्याने १४ दिवसांत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. खासगी मोटारीसाठी हस्तांतराचे केंद्रीय शुल्क ३०० रुपये आहे. स्मार्ट कार्ड आणि टपालाचा खर्च वेगळा.

घेणारी व्यक्ती नसून संस्था असल्याने काही कागद वाढतात. संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे विश्वस्तांचा ठराव. 'अमुक क्रमांकाची मोटार देणगी म्हणून स्वीकारत आहोत आणि कागदांवर सही करण्याचा अधिकार अमुक पदाधिकाऱ्यास देत आहोत', एवढे त्यात स्पष्ट असावे. व्यक्तीच्या नावावरील गाडी संस्थेच्या नावे होताना कराचा काही फरक भरावा लागतो का, हेही अर्जाआधीच कार्यालयात विचारावे. नंतर कळले तर अर्ज तिथेच थांबतो.

गाडी संस्थेच्या अध्यक्षांच्या किंवा व्यवस्थापकांच्या वैयक्तिक नावावर करू, असे कुणी सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा. तसे केल्यास ते संस्थेला दिलेले दान राहत नाही, त्या माणसाला दिलेली भेट होते. उद्या तो माणूस संस्था सोडून गेला, तर गाडीही त्याच्याबरोबर जाऊ शकते.

अर्ज करण्याआधी काय तपासावे?

गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर आधी बँकेचे पत्र आणि नमुना ३५ देऊन तो आरसीवरून उतरवावा लागतो. अनेकांचे हप्ते कधीच फिटलेले असतात, पण आरसीवर बँकेचे नाव तसेच असते. हे 'एमपरिवहन' अॅपवर घरबसल्या दिसते.

थकलेले ई-चलान भरून टाकावे. विमा आणि पीयूसी चालू असावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीवर उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलेली नसेल तर परिवहन कार्यालयातली कामे अडतात. दात्याच्या बँक खात्याला जोडलेला फास्टॅग बंद करून काचेवरून काढावा. नाहीतर गाडी आश्रमाची आणि टोल गुरुजींच्या खात्यातून, असे होत राहील.

गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असेल, तर मुलाला ती थेट दान करता येत नाही. आधी नमुना ३१ भरून ती वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. वडिलांच्या स्मरणार्थ गाडी देण्याची इच्छा अनेक घरांत असते, पण वर्षश्राद्धापर्यंत थांबल्याने मुदत उलटते. आरसीवर नामनिर्देशन करण्याची सोय २०२१ पासून झाली आहे. ते केलेले असल्यास हे काम सोपे जाते.

विम्याचे काय?

गाडी हस्तांतरित झाली, की विमा प्रमाणपत्रही नव्या मालकाकडे गेले असे कायदा मानतो. तरीही नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलासाठी अर्ज करायचा असतो. तो केला नाही, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडू शकतो. दात्याचा 'नो क्लेम बोनस' गाडीबरोबर जात नाही. तो दात्याचाच असतो आणि नव्या गाडीच्या विम्याला वापरता येतो. त्यासाठी कंपनीकडून पत्र घ्यावे.

कर सवलत मिळते का?

नाही. सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्याबाबत आहे. '८० जी' या नावाने ओळखली जाणारी प्राप्तिकरातील सवलत फक्त पैशाच्या देणगीला आहे. वस्तुरूप देणगीला, मग ती मोटार असो, धान्य असो की संगणक, ती मिळत नाही. रोखीने दिलेल्या दोन हजार रुपयांपर्यंतच्या देणगीलाच ती मिळते. त्यावरची रक्कम धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावी लागते. शिवाय नव्या करप्रणालीत ही सवलत नाही.

म्हणून एखादी संस्था गाडीच्या बदल्यात अंदाजे किमतीची 'देणगी पावती' देऊ करत असेल, तर ती घेऊ नये. न मिळालेल्या पैशाची पावती पुढे दाता आणि संस्था दोघांनाही अडचणीत आणते.

दुसरा मार्ग सरळ आहे. गाडी विकायची आणि आलेले पैसे बँकेतून संस्थेला द्यायचे. समजा गाडीचे ९० हजार रुपये आले. ते '८० जी' मान्यता असलेल्या आणि ५० टक्के वजावट लागू असलेल्या संस्थेला दिले, तर कायद्यातील मर्यादेत ४५ हजारांची वजावट मिळते. जुन्या प्रणालीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या करदात्याचा साधारण नऊ हजारांचा कर वाचतो. घरगुती वापराची मोटार ही वैयक्तिक वापराची जंगम वस्तू असल्याने तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा करही लागत नाही.

अमेरिकेत तर गाडी दानावर सवलत मिळते ना?

मोबाइलवर 'कार डोनेशन' शोधले, की बहुतेक माहिती अमेरिकेची येते. तिथे राहणारे नातेवाईकही 'आम्ही फोन केला, ते येऊन गाडी घेऊन गेले' असे सांगतात. ते खरे आहे, पण तो व्यवहार वेगळा आहे. तिथली संस्था बहुतेक वेळा गाडी वापरत नाही. मध्यस्थामार्फत ती लिलावात विकली जाते आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम संस्थेला मिळते.

तिथेही पूर्वी दाते गाडीची मनाला येईल ती किंमत लावून वजावट घेत. २००५ पासून नियम कडक झाला. वजावट ५०० डॉलरहून अधिक असेल आणि संस्थेने गाडी विकली असेल, तर प्रत्यक्ष विक्रीतून आली तेवढीच रक्कम सर्वसाधारणपणे धरली जाते. म्हणजे गाडीचे मोल शेवटी पैशातच मोजायचे, हे तिथल्या सरकारनेही ठरवले.

दान आलेली गाडी विकताना व्यवहार उघड असणे का गरजेचे, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. केरळच्या गुरुवायूर मंदिराला २०२१ मध्ये महिंद्र कंपनीने नवी 'थार' अर्पण केली. पहिल्या लिलावात ती १५ लाख १० हजारांना गेली. त्यावर आक्षेप घेतले गेले, प्रकरण न्यायालयात पोहोचले आणि २०२२ मध्ये फेरलिलाव झाला. त्यात ४३ लाख रुपये आले. एकाच गाडीची किंमत लिलाव कसा होतो यावर किती बदलते, हे यातून दिसते.

संस्थेला गाडी खरेच हवी असते का?

हा प्रश्न दात्याने आधी विचारायला हवा आणि संस्थेने त्याचे खरे उत्तर द्यायला हवे. फुकट मिळालेली गाडी फुकटात चालत नाही. महिन्याला ६०० किलोमीटर फिरली आणि लिटरला १५ किलोमीटर चालली, तर ४० लिटर पेट्रोल लागते. लिटरला १०५ रुपये धरले तर ४,२०० रुपये झाले. वर्षाला ते ५० हजारांच्या पुढे जाते. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला २,०९४ रुपये आणि हजार ते दीड हजार सीसीचा ३,४१६ रुपये आहे. त्यावर कर वेगळा. टायर, बॅटरी, क्लच आणि चालकाचा पगार धरलेलाच नाही.

वयाचाही हिशेब आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क पाच हजार रुपये आहे. वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार झाले. गुरुजींची गाडी तेरा वर्षांची आहे. म्हणजे दोन वर्षांत हा खर्च आश्रमाच्या माथी येणार.

वापराची मर्यादाही ध्यानात घ्यावी. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत. गाडी रुग्णवाहिका करायची असेल, तर फक्त दिवा आणि भोंगा लावून भागत नाही. बदलाला परिवहन कार्यालयाची परवानगी लागते, वाहनाचा वर्ग बदलतो आणि रुग्णवाहिकांसाठी 'एआयएस-१२५' ही मानके आहेत. शाळेच्या मुलांची ने-आण करायची, तर महाराष्ट्राचे २०११ चे स्कूल बस नियम पाहावे लागतात. जुन्या व्हॅनमध्ये दाटीवाटीने मुले बसवणे हा समाजसेवेचा मार्ग नव्हे.

गाडी चालण्याजोगी नसेल तर?

मग ती संस्थेच्या अंगणात नेऊन ठेवू नये. त्याने दात्याचे शेड रिकामे होते, एवढेच. अशा गाडीसाठी नोंदणीकृत वाहन भंगार केंद्र हा योग्य मार्ग आहे. त्याचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले. केंद्र गाडी घेते, भंगाराचे पैसे देते आणि 'ठेव प्रमाणपत्र' देते. त्यावर नवी गाडी घेताना कर आणि नोंदणी शुल्कात सवलत मिळू शकते. केंद्राच्या धोरणात भंगाराचे मोल नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या साधारण चार ते सहा टक्के धरले आहे. आलेली रक्कम संस्थेला दिली, की दोन्ही कामे साधतात.

रस्त्यावरच्या भंगारवाल्याला गाडी दिली, तर पत्रा कापला जातो पण आरसी जिवंत राहते. तो क्रमांक पुढे कुठल्या गाडीवर दिसेल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

मग गुरुजींनी काय करावे?

पहिले, आश्रमाला विचारावे की गाडी हवी की पैसे. दुसरे, ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्था आहे का, हे नोंदणी क्रमांकासह पाहावे. तिसरे, गाडी हवी असेल तर ठराव आणि नमुना २९-३० वरील सह्या आधी, चावी नंतर, हा क्रम सोडू नये. हस्तांतराच्या दिवशी तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा आणि दोघांच्या सह्या असलेले ताबापत्र करावे. चौथे, नव्या आरसीची प्रत हातात येईपर्यंत व्यवहार पुरा झाला असे समजू नये. 'एमपरिवहन'वर गाडीचा क्रमांक टाकून मालकाचे नाव बदलल्याची खात्री करावी. आणि जमल्यास पहिल्या वर्षाचा विमा आपणच भरून द्यावा. संस्थेला त्याची मदत गाडीइतकीच होईल.

यात संस्थांचीही जबाबदारी आहे. 'नाव नंतर करू, गाडी तर येऊ द्या' असे म्हणणारी संस्था दात्याच्या चांगुलपणावर धोका ढकलत असते. गाडी स्वीकारण्याचा लेखी नियम, देखभालीची तरतूद आणि नको असलेल्या गाडीला नकार देण्याचे धैर्य, एवढे प्रत्येक संस्थेकडे हवे. सरकारनेही एक गोष्ट करण्यासारखी आहे. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या नावे होणाऱ्या हस्तांतरासाठी 'परिवहन' संकेतस्थळावर स्वतंत्र पर्याय आणि कागदांची एकच ठरलेली यादी असावी. सवलत नको, स्पष्टता हवी. खुटबावहून बारामतीला तीन खेपा घालाव्या लागणार असतील, तर माणूस नाव बदलायचेच टाळतो आणि धोका तिथेच जन्मतो.

गेल्या काही वर्षांत कुणी गाडी आधीच देऊन बसले असेल, तर त्यांनी आजच अॅपवर जुना क्रमांक टाकून पाहावा. मालक म्हणून स्वतःचेच नाव दिसले, तर दान अजून पुरे झालेले नाही. संस्थेला फोन करायला उशीर झालेला नाही, अपघात झाल्यावर मात्र तो झालेला असेल.